दत्तक पूर्वज : आनंदीबाई जोशी आणि वंशावळीची संहिता

१

जुन्या मराठी गद्याचे प्रकार सांगताना आपण बखर, करीना, कैफियत, महजर, शकावली अशी नावे घेतो. वंशावळीचे नाव त्या यादीत क्वचितच येते. तिच्याकडे आपण साधन म्हणून पाहतो, संहिता म्हणून पाहत नाही. वास्तविक वंशावळीला स्वतःचे कथनतंत्र आहे. कोणाचे नाव घ्यावयाचे, कोणाचे गाळावयाचे, कोणत्या नावापुढे शाखा वाढवावयाची आणि कोणत्या नावापाशी रेघ थांबवावयाची, याचे काटेकोर संकेत तिने घडविलेले आहेत. हे संकेत निरागस नाहीत. वतनाच्या तंट्यात करीना लिहून देणारा वादी आपले घराणे मूळ पुरुषापासून सांगत येई, ते कुलाभिमानासाठी नव्हे. वतनावरील हक्क शाबीत करण्यासाठी त्याला ते सांगणे भाग होते. वंशावळ हा मुळात पुरावा होता, आणि पुराव्याला लागते तेवढेच ती बोलत असे.

इंग्रजी अमलात या पुराव्याला नवे महत्त्व आले. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले, तेव्हा वंश तुटला की जोडला हा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदार घराण्यांना आपले हक्क कागदोपत्री सिद्ध करावे लागले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तान्तांची जी परंपरा बहरली, तिच्यामागे इतिहाससंशोधनाची प्रेरणा आणि जातिघटकांची अस्मिता ही दोन्ही कारणे होती. तिच्या मांडणीवर मात्र जुन्या पुराव्याच्या वंशावळीचीच छाप राहिली. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मूळ पुरुष, शाखा, पिढ्या आणि त्यानंतर प्रत्येक पुरुषाची नोंद, असा हा क्रम. स्त्री येथे दोन ठिकाणी भेटते. एकदा पत्नी म्हणून पतीच्या नोंदीत, बहुधा माहेरच्या नावासह. दुसऱ्यांदा कन्या म्हणून पित्याच्या नोंदीत, सासरच्या नावासह. पहिल्या ठिकाणी ती बाहेरून आलेली असते, दुसऱ्या ठिकाणी बाहेर गेलेली.

अशा संहितेत अल्पायुषी आणि निरपत्य माणसाचे काय होते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अल्पायुषी पुरुषाच्या नोंदीपुढे निदान ‘निर्वंश’ हा शब्द तरी येतो. वंश खंडित झाला असे म्हणताना तो वंश त्याचा होता, हे त्यात गृहीत असते. निरपत्य स्त्रीच्या बाबतीत हा शब्दही उपयोगी पडत नाही, कारण संहितेच्या नियमाप्रमाणे तिला वंशच नसतो. मग अशा स्त्रीला पूर्वज म्हणता येईल काय? आणि म्हणावयाचे तर कोणाची पूर्वज? हा प्रश्न मी डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या संदर्भात विचारू इच्छितो. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना निवर्तलेल्या या स्त्रीच्या पश्चात अपत्य नव्हते. तरीही मराठी समाजाने तिला सतत आपली पूर्वज मानले आहे. हे मानणे कोणत्या संहितांतून घडले, हे पाहिल्यास वंशावळीचे आणि चरित्राचे नाते थोडे स्पष्ट होईल.

२

आनंदीबाईंचे घराणे शोधू लागले की पहिली अडचण नावापाशी येते. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी, घराणे कल्याणचे. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, त्यांचा विवाह गोपाळ विनायक जोशी या टपाल खात्यातील बिजवर कारकुनाशी झाला, आणि त्या आनंदी झाल्या. ताटातील तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिण्याचा आपल्याकडचा विधी वरवर कौतुकाचा आहे, पण वंशावळीच्या दृष्टीने तो एका नोंदीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ असतो. यमुनेची नोंद एका कुळात, आनंदीची दुसऱ्या. या दोन्ही कुळांचे आडनाव मात्र ‘जोशी’ असे एकच आहे. सगोत्र विवाह निषिद्ध असल्यामुळे गोत्रे भिन्न असणार हे उघड आहे; परंतु जोशी हे वृत्तीवरून आलेले, अनेक गोत्रांत आढळणारे आडनाव असल्याने केवळ आडनावाच्या आधारे माग काढणाऱ्याची येथे फसगत होते. लग्नाने सर्वसाधारणपणे स्त्रीचे आडनाव बदलते आणि त्या बदलातून निदान माहेर कोठे संपले हे कळते. आनंदीबाईंच्या बाबतीत ती खूणही उरलेली नाही.

दुसरी अडचण स्थळाची. त्यांचे जन्मस्थान कोठे कल्याण, तर कोठे पुणे असे दिलेले आढळते. घराण्याचे गाव पित्यावरून ठरते आणि मूल जन्मते ते आई असेल तेथे. या दोन हिशेबांमध्ये नेहमीच अंतर पडू शकते. कुलवृत्तान्ताला त्याचे सोयरसुतक नसते, कारण त्याच्या दृष्टीने गाव म्हणजे कुळाचे गाव. पुढे गोपाळरावांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा प्रवास झाला. वसाहतकालीन नोकरशाहीने निर्माण केलेले हे नवे बिऱ्हाडी जीवन मूळ गावाच्या कल्पनेत बसत नाही, आणि आनंदीबाईंचे शिक्षण तर नेमके याच बिऱ्हाडांतून झाले.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून सांगणेही जड जाते. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. बारसे बाराव्या दिवशी होते. म्हणजे हे मूल नाव पडण्यापूर्वीच गेले. वंशावळीच्या कसोटीवर आनंदीबाईंचा वंश असा जो काही होता, तो हा दहा दिवसांचा, आणि त्याला लिहिता येण्याजोगे नावच नाही. अल्पायुष्याची जी मर्यादा आईच्या बाबतीत वंशावळीला अडचणीत आणते, ती मुलाच्या बाबतीत वंशावळीला पूर्णपणे मूक करते.

याउलट, त्यांची स्वतंत्र व्यक्ती म्हणून नोंद घेणारे कागद पाहावयाचे तर ते परदेशी संस्थांत सापडतात. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर होता. या महाविद्यालयाचे कागद आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अर्जदार, विद्यार्थिनी, प्रबंधकर्ती, पदवीधर अशा या सर्व नोंदींत त्या स्वतःच्या नावाने येतात. तेथेही नावाचे लेखन स्थिर नाही. कोठे आनंदीबाई, कोठे आनंदाबाई. आडनावाच्या रोमन लेखनात शेवटी दोन ‘ई’. सूचीत शोधणाऱ्याला एकच व्यक्ती अनेक ठिकाणी विखुरलेली दिसते.

३

लिखित वंशावळ हीच कुळाची एकमेव स्मृती नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तिच्या बरोबरीने विधीची स्मृती चालत असते, आणि ती पुष्कळदा अधिक उदार असते. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. माता, पितामही, प्रपितामही येतात. मातामहाचे कुळही येते. म्हणजे वंशावळीने बाहेर ठेवलेल्या स्त्रीला आणि आईच्या माहेराला विधीमध्ये स्थान आहे. परंतु नामोच्चार करावयाचा तर तो करणारा वंशज हवा. वंशज नसलेल्यांसाठी परंपरेने आणखी दोन जागा राखून ठेवल्या आहेत.

पहिली अविधवा नवमीची. भाद्रपद वद्य नवमीस अहेवपणी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध होते, आणि ते पती हयात असेपर्यंतच करण्याचा प्रघात आहे. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या तेव्हा गोपाळराव हयात होते; ते १९१२ पर्यंत जगले. गोपाळरावांसारख्या विक्षिप्त माणसाने हा विधी केला असेल की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नामवंतांना चहा पाजून आणि त्यांची नावे प्रसिद्ध करून ज्याने अवघ्या शहरात ग्रामण्य पेटविले, त्याच्याकडून परंपरेच्या पालनाची अपेक्षा कोणी करू नये. मुद्दा विधीच्या रचनेचा आहे. या रचनेत स्त्रीची स्मृती पतीच्या आयुष्याशी बांधलेली आहे. तो गेला की तिचे स्वतंत्र श्राद्ध थांबते.

दुसरी जागा अधिक हृद्य आहे. तर्पणाच्या अखेरीस वस्त्र पिळून त्याचे पाणी कुळातील निपुत्रिक मृतांना देण्याचा विधी आहे. ज्यांचे नाव घेणारे कोणी नाही, अशांचे नाव न घेताच त्यांना येथे पाणी दिले जाते. वंशावळीत जे मावत नाहीत त्यांना परंपरेने विसरू दिले नाही, मात्र त्यांना नावही दिले नाही. निनावी स्मरण आणि नामांकित विस्मरण यांपैकी कोणते बरे, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नाही. चरित्रलेखनाचाही तो मूळ प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील चरित्राने वस्त्रोदकाच्या त्या थेंबाला नाव देण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल. परंतु नाव देताना चरित्रानेही आपल्या सोयीचे कुळ निवडले.

४

आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १८८८ मध्ये, कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र बॉस्टनहून प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या नावातच डॉ. आनंदाबाई जोशी यांच्यापुढे ‘पंडिता रमाबाईंची नातलग’ असा परिचय जोडलेला आहे. हा परिचय खोटा नाही. दोघींचे दूरचे नाते होते आणि ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. माहेर-सासरपासून हजारो मैलांवर झालेल्या त्या समारंभात रमाबाईंची उपस्थिती ही नात्याची आणि मैत्रीची एकाच वेळी खूण होती.

परंतु चरित्राच्या मुखपृष्ठावर हे नाते येते तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. १८८७ मध्ये रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याला प्रस्तावना होती ती आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांची, आणि त्या प्रस्तावनेत आनंदीबाईंनाही स्थान होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाईंच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. या वातावरणात आनंदीबाईंची ओळख रमाबाईंच्या आधाराने करून देणे स्वाभाविक होते. येथे वंशावळीची दिशा उलटी झालेली दिसते. कुळाने व्यक्तीला ओळख देण्याऐवजी प्रसिद्धीने कुळ निवडले. पित्याचे घराणे नाही, पतीचे नाही, तर एका ख्यातनाम स्त्रीशी असलेले दूरचे नाते हे आनंदीबाईंचे मुख्य कुलचिन्ह ठरले. स्त्रीकडून स्त्रीकडे जाणारी अशी रेघ कोणत्याही कुलवृत्तान्तात ओढली जाणार नाही, आणि म्हणून तिचे महत्त्व मान्य केले पाहिजे. पण त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तर आनंदीबाईंनी त्याच वर्षी श्रीरामपूर येथील आपल्या जाहीर भाषणात हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली होती. मुखपृष्ठावरील नाते या दोन निर्णयांमधील दरी झाकून टाकते.

मराठीत काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनी लिहिलेले चरित्र वेगळे कुळ रचते. काशीबाई आनंदीबाईंहून चारच वर्षांनी मोठ्या. त्यांचेही शिक्षण लग्नानंतर, पतीच्या आग्रहाने आणि घरच्यांच्या नाराजीत झालेले. त्यामुळे चरित्रनायिकेच्या आयुष्यातील पुष्कळसा भाग लेखिकेला अनुभवाने ठाऊक होता. शिवाय या ग्रंथात पत्रे आहेत. पती-पत्नींच्या पत्रव्यवहारातून जे दाम्पत्य दिसते, त्यात ऋण आहे, धाक आहे, चीड आहे, आणि हे सर्व सांगण्याइतकी मोकळीकही आहे. गोपाळरावांच्या शिकविण्यातील कठोरपणा पत्नीच्याच शब्दांत वाचकांपुढे आला. मराठी स्त्रीने मराठी स्त्रीचे चरित्र लिहिणे ही त्या काळी दुर्मीळ घटना होती. पिढ्यांची उतरंड बाजूला ठेवून समवयस्क भगिनीभावाचे नाते त्या चरित्राने प्रस्थापित केले.

श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने आनंदीबाईंना घराघरात नेले. तिचे ‘आनंदी गोपाळ’ हे शीर्षक बारकाईने पाहण्याजोगे आहे. ते दोन नावांचे जोडपे आहे, तसेच स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याचा आपला रूढ प्रघातही त्यात आहे. पहिल्या अर्थाने वाचले तर दोघे समान पातळीवर येतात. दुसऱ्या अर्थाने वाचले तर गोपाळ हे आनंदीचे मधले नाव ठरते. कादंबरीचे सामर्थ्य या दुहेरी अर्थात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. तिचे आख्यान दाम्पत्याचे असल्यामुळे आनंदीबाईंना पतीशिवाय जी नाती लाभली, ती दुय्यम होतात. २०१९ च्या मराठी चित्रपटानेही हेच नाव आणि बऱ्याच अंशी हीच चौकट घेतली. अंजली कीर्तने यांच्या १९९७ मधील चरित्रग्रंथाने ‘काळ आणि कर्तृत्व’ असे शब्द शीर्षकात घालून ही चौकट जाणीवपूर्वक मोडली, आणि मीरा कोसंबी यांच्या २०२० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने पत्रांना पुन्हा मध्यवर्ती स्थान दिले.

या सर्व संहितांकडे एकत्र पाहिले असता एक गोष्ट जाणवते. प्रत्येक चरित्र आनंदीबाईंना एक कुळ देते. कोठे ते कीर्तीचे, कोठे भगिनीभावाचे, कोठे दाम्पत्याचे, कोठे कर्तृत्वाचे. मिशेल फूकोने नीत्शेवरील आपल्या १९७१ च्या निबंधात वंशशोध आणि उगमाचा शोध यांत भेद केला आहे. वंशशोध करणाऱ्याला एकसंध उगम सापडत नाही, तर फाटे, अपघात आणि तुटक धागे सापडतात, हे त्याचे प्रतिपादन येथे उपयोगी आहे. पण त्याचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच आहे. फूकोला वंशशोध हे रूपक म्हणून वापरता आले, कारण त्याच्या वाचकांच्या दृष्टीने वंशावळ ही बहुतांशी इतिहासजमा वस्तू होती. आपल्याकडे गोत्र आजही लग्नाच्या पत्रिकेत लिहिले जाते. म्हणून मराठी समीक्षकाला या रूपकाखालची रूढी आधी वाचावी लागते.

५

आनंदीबाईंनी स्वतः कोणते नाते निवडले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पत्रांत आहे. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. ते पत्र आणि धर्मांतर सुचविणारे त्याचे उत्तर अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना ते वाचले आणि अनोळखी मुलीला पत्र घातले. तेथून सुरू झालेल्या पत्रव्यवहारात आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. प्रत्यक्ष भेट १८८३ मध्ये झाली. तोवर नाते पत्रांतून पुरते जडले होते.

मावशी हा शब्द येथे सहज आलेला नाही. ‘माय मरो पण मावशी उरो’ असे आपण म्हणतो. आत्या पित्याच्या कुळातील, काकू त्या कुळात आलेली. मावशी मात्र वंशावळीच्या सर्वस्वी बाहेरची. ती आईच्या माहेरची, लग्नाने तिसऱ्याच घरी गेलेली. तिच्याशी हक्काचा, वाटणीचा, सोयर-सुतकाचा संबंध क्षीण असतो, आणि म्हणूनच त्या नात्यात मोकळी माया संभवते. परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या स्त्रीला कोणत्या नावाने हाक मारावी हे ठरविताना आनंदीबाईंनी वंशावळीला अडचण न करणारे आणि तरीही रक्ताचे असे नाते निवडले. भाषेच्या दृष्टीने ही निवड फार नेमकी आहे.

या निवडीचा शेवट पोकिप्सी येथे झाला. पुण्यात दहन झाल्यानंतर त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली. वर शिळा उभारली. अमेरिकन समाजात कुटुंबाच्या मालकीची दफनजागा हाच एक प्रकारे कुलवृत्तान्त असतो. कोण कोणाशेजारी आहे यावरून नाते वाचले जाते. तेथे आनंदीबाईंची नोंद जन्माने किंवा विवाहाने लाभलेल्या कुळात झालेली नाही. त्यांनी हाकेने जोडलेल्या कुळात ती झाली आहे. नदीत सोडावयाची रक्षा मातीत गेली, आणि त्यामुळेच त्यांच्या नावाचा दगड राहिला.

तथापि या शिळेचे भाबडे कौतुक करणे इष्ट नाही. तीवरील लेख आनंदीबाईंची ओळख शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी करून देतो. म्हणजे मायेने दिलेल्या जागेतही जात आलीच. अमेरिकन वाचकांच्या दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू स्त्री हा कुतूहलाचा विषय होता, आणि आनंदीबाई त्या वर्गाचा नमुना ठरल्या. आपल्या वंशावळीने त्यांना कुळात विरघळविले, तर तेथील स्मारकाने जातीचे प्रतिनिधित्व त्यांच्यावर सोपविले.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. निरपत्य व्यक्ती पूर्वज होऊ शकते काय? वंशावळीचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु वंश खंडित होण्याच्या भीतीवर आपल्या परंपरेनेच एक तोड काढली होती, ती दत्तकाची. ज्याला वंशज नाही त्याने वंशज दत्तक घ्यावा. आनंदीबाईंच्या बाबतीत ही क्रिया उलट झाली आहे. येथे वंशजांनी पूर्वज दत्तक घेतला. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी, राष्ट्राभिमान्यांनी, स्त्रीवादी अभ्यासकांनी, पाठ्यपुस्तककारांनी आपापल्या परीने त्यांना आपल्या कुळात आणले. वाङ्मयीन परंपरा म्हणून आपण जिला ओळखतो, तीही बहुतांशी अशाच दत्तविधानांनी घडलेली असते.

दत्तकाचा एक परिणाम असा की त्याचे गोत्र बदलते. दत्त पुत्र जनककुळाचा राहत नाही. पूर्वज दत्तक घेताना आपणही हेच करीत आलो. आनंदीबाईंना आपण ‘पहिली भारतीय महिला डॉक्टर’ या गोत्रात घेतले. वास्तविक १८८६ या त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली (१८६१–१९२३) यांनी वैद्यकीय शिक्षण पुरे केले, आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे व्यवसायही केला. आनंदीबाईंना ती संधी मिळालीच नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्याकडे यावयाचे होते; त्याआधीच त्या गेल्या. त्यांना सुधारकांच्या गोत्रात घेताना आपण हेही झाकतो की अमेरिकेत बालविवाहाविषयी बोलण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी त्या प्रथेचे समर्थन केले. परक्या श्रोत्यांपुढे घरची बाजू सांभाळण्याची ती ऊर्मी असेल, किंवा तो त्यांचा खरा विश्वास असेल. काही झाले तरी त्या भाषणाला आपल्या दत्तविधानात जागा मिळालेली नाही. नवव्या वर्षी विवाह झालेली आणि चौदाव्या वर्षाच्या आगेमागे मूल गमावलेली स्त्री ही बाजू घेते, यातील ताण आपल्याला सोयीचा नसतो.

धर्मशास्त्राने दत्तकाचा आणखी एक प्रकार मानला आहे, तो द्व्यामुष्यायणाचा. असा पुत्र जनक आणि दत्तक अशा दोन्ही कुळांचा राहतो. दोन्हीकडचे दायित्व त्याच्याकडे येते. अल्पायुषी पूर्वजांचे चरित्र लिहिणाऱ्याने ही कल्पना जवळ करावी, असे मला सुचवावेसे वाटते. आपण त्यांना आपल्या कुळात घ्यावे, कारण घेतले नाही तर त्यांचे नाव कोणीच घेणार नाही. मात्र घेताना त्यांचे आधीचे गोत्र पुसू नये. आनंदीबाईंच्या बाबतीत हे दुसरे गोत्र म्हणजे त्यांच्या मतांतील विसंगती, गोपाळरावांशी असलेले गुंतागुंतीचे नाते, परदेशात जपलेला हिंदूपणा, आणि एका परक्या स्त्रीला दिलेली मावशीची हाक. हे सर्व राखून त्यांना पूर्वज मानणे अधिक कठीण आहे. परंतु त्यांच्या आयुष्याशी ते अधिक प्रामाणिक होईल.

शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव दिलेले आहे. तेथील मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची आडनावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यानुसार ग्रहाच्या नकाशावर केवळ ‘जोशी’ असे नाव आहे. पित्याचे आणि पतीचे एकच असलेले हे आडनाव तेवढे तेथे पोहोचले. यमुना आणि आनंदी ही दोन्ही नावे मागे राहिली. या साऱ्या नोंदींमध्ये दहा दिवस जगलेल्या त्या मुलाची नोंद मात्र कोठेही स्वतंत्रपणे होऊ शकत नाही. त्याच्या आईने पुढे प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. चरित्रकारांनी या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव जोडला आहे आणि तो जोडावासा वाटणे साहजिक आहे. वंशावळीच्या अभ्यासकाने मात्र एवढेच नोंदवावे की कुळाच्या कागदावर ज्याला नाव मिळाले नाही, त्याच्या जन्माचा विषय त्याच्या आईने विद्यापीठीय कागदावर स्वतःच्या नावाने लिहून ठेवला, आणि तो कागद अजून शिल्लक आहे.